निरगुडीच्या बुडाची ओल

सन एकोणीसशे त्र्याऐंशी. माझं वय त्रेचाळीस. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. जिल्हा झाला तेव्हा गावात साखर वाटली, पोरांनी फटाके उडवले, आणि नजर लागल्यासारखं पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. उन्हाळा लागेस्तोवर गावच्या दोन्ही विहिरींच्या तळाचे दगड उघडे पडले. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. माणशी एक घागर, त्यात सगळं भागवायचं.

आमचं गाव देवणीच्या अंगाला. शाळेमागं माळावर हापसा आहे, त्याचं पाणी गाव अजून पितं. तो हापसा तिथं कसा आला हे विचारलं की लोक माझ्याकडं बोट दाखवतात आणि हसतात. म्हणतात, तात्याचं नाक चुकलं म्हणून. चाळीस वर्षं हसतायत. हसू द्या. नाक चुकलं हे खरं, पण कशानं चुकलं ते मी कुणाला सांगितलं नाही. ज्या बायांचं ते गुपित होतं त्यांतली आज एकही उरली नाही. माझी बायको गेली त्यालाही दोन वर्षं झाली. म्हणून आता लिहितो.

माझी शाळा थोडकीच. निजामाच्या राज्यात उर्दूची पहिली केली. राज्य गेलं, शाळा मराठी झाली, मग मराठीची दुसरी केली, आणि मास्तरनं कान पिरगाळला म्हणून तिथंच सोडली. परत गेलो नाही. पण मला नाक होतं. डोळ्यांना दस्ती बांधा आणि कुठल्याबी झुडपाचा पाला चुरगाळून नाकाशी धरा, मी नाव सांगणार. रानतुळस वेगळी, घाणेरी वेगळी, तरवड वेगळा. नुसती साल खरवडून हुंगली तरी सांगायचो. पैजा लावून लोक हरलेत.

आणि सगळ्या झुडपांत माझं झाड म्हणजे निरगुडी. पाच बोटांचं पान, वरून हिरवं, खालून पीठ लावल्यागत पांढरं. वास असा कडक की डोकं धरलेलं असलं तर उतरतं. तिच्या फोकांच्या कणग्या विणायच्या, पाला ज्वारीत घालायचा म्हणजे टोके-किडे लागत नाहीत. सूज आली की गरम पाला बांधायचा. आणि बाळंतीण बाईला सव्वा महिना निरगुडीचा पाला उकळलेल्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. आमच्याकडं त्याशिवाय बाळंतपण झालं असं कुणी मानत नाही. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, म्हणून ती राखायला लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला पाणी घालायला लागत नाही. मी पोरांना सांगायचो, तुळशीला पाणी घालतात, मोगऱ्याला घालतात, निरगुडीला पाणी घालणारा माणूस मी अजून बघितला नाही. निरगुडी आपली आपण पाणी हुडकून उभी राहते.

ह्याच बोलण्यावर माझी सगळी अब्रू उभी होती. बाहत्तरच्या दुष्काळात ओढ्याच्या खालच्या अंगाला एकच निरगुडी हिरवी होती. मी म्हणालो, इथं खांदा. लोक हसले. खांदलं, आणि पस्तीस फुटांवर झरा लागला. तेव्हापासून गावात माझ्या शब्दाला किंमत आली, आणि खरं सांगायचं तर माझ्या मानेत थोडा ताठा आला.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही पाचसहा जण बोअर मागायला लातूरला गेलो. नव्या कचेरीपुढं बाग चालली होती. बघितलं तर काय, विटांची गोल आळी करून मधी घाणेरी लावलेली! तांबडी-पिवळी फुलं, आणि माळी झारीनं पाणी घालत होता. मला धक्काच बसला. गावात माणसाला माणशी घागर, आणि इथं घाणेरीला झारी.

मी म्हणालो, "अरं, लावायचीच तर निरगुडी लाव की. पाणी मागत न्हाई, वास देती, औषधाला पडती."

माळ्यानं मान वर केली नाही. "काका, हितं बघायची झाडं लागत्यात. हुंगायची तुमच्या रानात ठेवा."

माझ्या सोबतचे सरपंच खो खो हसले. मी मात्र कचेरीच्या पायरीवर बसून पाण्यानं तांबडं झालेलं ते आळं कितीतरी वेळ बघत राहिलो.

अर्जाचं काम मात्र झालं. वैशाख लागता लागता बोअरची गाडी गावात आली. पुढं जीपमधून पाण्याचे साहेब आले. पोरसवदा, चष्मा, पायात कापडी बूट. त्यांनी दोन दिवस माळावर तारा पसरल्या, खुंट्या ठोकल्या, आणि एक काळी पेटी मांडीवर घेऊन काटा बघत बसले. शेवटी म्हणाले, शाळेमागं.

शाळेच्या वट्ट्यावर गाव जमलं. बाया मागं, भिंतीला टेकून. मी पुढं झालो.

"साहेब, ही रेडूची पेटी बातम्या बी सांगती का?"

लोक हसले. साहेबही हसले, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. "बातम्या नाही काका, खालचा खडक सांगते. तुमच्या ओढ्याच्या अंगाला सलग काळा पाषाण आहे. शाळेमागं खडकाला भेग दिसते."

"शाळेमागं? तिथला तरवड सुदिक वाळून काडी झालाय. आन वढ्याच्या वरच्या अंगाला निरगुडीचं बेट बघा. समदं रान करपलं, पर ते बेट हिरवंगार हाय. पाण्याबिगर का?"

"झाड वरचं सांगतं, काका. पेटी खालचं सांगते."

"तुमचं वय काय, साहेब?"

"सव्वीस."

"ती निरगुडी तुमच्यापेक्षा थोरली हाय. तिला माहीत असंल."

आता हसणं थांबेना. साहेबांनी चष्मा पुसला आणि आवाज चढवून सगळ्यांना सांगितलं, "नीट ऐका. एका गावाला एकच बोअर मंजूर आहे. कोरडं गेलं तर गाव यादीत शेवटी जाईल. मग पुन्हा कधी, मी सांगू शकत नाही."

सरपंच म्हणाले, "तात्या म्हणत्यात तिथंच मारा. बाहत्तरला त्यांनीच पाणी दावलं."

तेवढ्यात मागून माझी चुलती बोलली. सत्तरीची, दात नसलेली, पण जीभ शाबूत. "आन मग बायांनी कुटं जायाचं?"

पुरुषांनी माना खाली घातल्या. ते बेट म्हणजे बायकांची बाजू होती. पहाटे तोंड दिसायच्या आत बाया तांब्या घेऊन त्या बेटाआड बाहेर जायच्या. तिकडं पुरुषानं मान वर करून बघायचं नाही, ही आमच्या गावची रीत. मीही ते बेट बघितलं होतं ते दुपारचं, लांबून, माळावरून. जवळ गेलो त्याला कित्येक वर्षं झाली असतील.

"म्हातारे, पाणी लागल्यावर घराघरात संडास बांधू," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. चुलती आणखी काही बोलणार होती, पण शेजारच्या बाईनं तिचा पदर ओढला. माझी बायको माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा तिनं तोंड उघडलं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. जावई मुदखेडला रेल्वेत गँगमन. लेक नांदेडहून एसटी बदलत कशीबशी पोचलेली. तिला नववा लागला होता आणि ती आतल्या खोलीत आडवी झाली होती.

"आवं, वढ्याकडचं नका धरू."

"का?"

"लेकीचा पाला हाय तिथं. दुसरीकडं कुटं हिरवं पान राह्यलं न्हाई."

"पाणी लागल्यावर पाल्याला काय तोटा?"

"पाणी न्हाई तिथं."

मी घास थांबवला. "तुला कुणी सांगितलं?"

तिनं भाकरी जरा जोरानंच थापली. "मला वाटतंय."

"वाटण्यावर बोअर मारत न्हाईत," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. नाकावर बोअर मारायला निघालेला माणूस. ती पुढं काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ती उगाच बोलणारी बाई नव्हती. वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल तर त्यांतली नऊ कामाची असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढ्यात उतरवली. बेटाची अर्धी बाजू तोडल्याशिवाय तिला उभं राहता येईना, म्हणून ती तोडली. मी स्वतः कुऱ्हाड घातली. कापलेल्या पाल्याचा वास असा उसळला की मला बाहत्तर साल आठवलं. मी लोकांना म्हणालो, "हुंगा! ह्याला पाण्याचा वास म्हंत्यात." सगळ्यांनी हुंगलं. नारळ फोडला. मशीन सुरू झालं.

आधी मुरूम आला, तांबूस. लोक टाळ्या वाजवत होते. मग मांजऱ्या दगडाची भुकटी, ठिपक्याठिपक्यांची. मग काळा पाषाण. तिथून पुढं जे निघायला लागलं ते नुसतं पीठ. करडं, कोरडं. साठ फूट. शंभर फूट. गाडीवाला नवा रॉड जोडायचा तेवढा वेळ आवाज बंद व्हायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणायचं, "आता लागंल बघा." दीडशेला ते म्हणणंही थांबलं. दोनशेला साहेबांनी हात वर केला.

मी त्या भोकाकडं बघत राहिलो. धूळ खाली बसत होती आणि उरलेल्या निरगुडीच्या पानांवर साचत होती. हिरवी पानं वरूनही पांढरी झाली. लोक मला काहीच बोलले नाहीत. कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. एक म्हातारा तेवढा जाता जाता म्हणाला, "तात्या, थोरली म्हणाला व्हता न्हवं? म्हातारपणी झाडाला बी भरमतंय."

साहेब सरपंचांना सांगत होते, "माझी जागा सोडून दुसरीकडं मारलं, ह्याचं उत्तर मला वर द्यायचंय. निदान हे लेखी द्या, की जागा गावानं बदलायला लावली. मग मी माझ्या जागेवर मारायचं काहीतरी बघतो."

"लेखी?" सरपंच म्हणाले. "बघू की उद्याला." आणि धोतर सावरत चालते झाले. सगळ्यांनीच पाय काढला. गाडी वर रस्त्याला नेऊन लावली. सकाळी पुढच्या गावाला जायची होती.

मी एकटा तिथंच बसलो. उन्हं कलली होती. मला अजून पटत नव्हतं. हट्ट असा की दोनशे फूट कोरडं पीठ डोळ्यांनी बघूनही मी म्हणत होतो, पाणी आहे, मशीन तिरकं गेलं असेल. मी उरलेल्या बेटाच्या बुडाशी गेलो, पाचोळा सारला आणि हातानं माती उकरली. ओली! गार, ओली. मी दोन्ही हातांनी उकरायला लागलो. वीतभर ओली. हातभर ओली. आणि त्याच्याखाली भाजलेल्या खापरीगत कोरडी.

ओल खालून आलेली नव्हती. वरून गेलेली होती.

मी मूठभर माती नाकाशी नेली. निरगुडीचा वास होताच, पण आणखी एक होता. राखेचा. नीट बघितलं तर बुडाशी करड्या राखुंडीचे थर बसलेले. भांडी घासलेल्या पाण्याचे. एक दोन दिवसांचे नाहीत, कित्येक महिन्यांचे. आणि बुडाला भोवती बोटांनी ओढलेलं आळं. लातूरच्या कचेरीपुढं विटांचं होतं, हे मातीचं होतं.

मी तिथंच मटकन बसलो.

बाया आल्या तेव्हा मी तसाच बसलेला. दहाअकरा जणी असतील. तोडलेल्या फांद्यांचा पाला त्या गुमान ओरबाडून पदरात भरायला लागल्या. मला बघून थांबल्या. चुलती पुढं झाली आणि म्हणाली, "बापया माणसानं हितं बसू ने. उठ." मग माझे मातीनं भरलेले हात तिनं बघितले. बाकीच्यांना म्हणाली, "चला गं." माझी बायको तेवढी मागं राहिली.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"संक्रांतीपास्नं. बाकीची बेटं वाळाय लागली तवा. चार घरी पोरी बाळंतपणाला येणार. पाला न्हाई तर न्हाऊ कशानं घालायचं?"

"पाणी कुटलं?"

"आमच्याच वाट्याचं. सांच्याला भांड्याचं, पहाटं एक तांब्या. एकीचा न्हाई, समद्यांचा."

पहाटे तांब्या घेऊन जाणाऱ्या बाईकडं कोण बघणार? मान खाली घालून रीत पाळणारे आम्ही सगळे. मला तिचे ओठ दिसले. चिरलेले, काळे पडलेले. त्या चार महिन्यांत ती किती वेळा "आज उपास हाय" म्हणाली होती ते मला एकदम आठवलं. माझ्या ताटाशेजारी तांब्या भरलेला असायचा आणि ती नुसता घोट घ्यायची. मी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुझे एवढे उपास कुठल्या देवाचे?

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय म्हणला असता?"

मी विचार केला. "म्हणालो असतो, माणसाला न्हाई आन झुडपाला घालती?"

"हां," ती म्हणाली. मग बसली माझ्या शेजारी. "कुणाला सांगू नका. टँकरचं पाणी झाडाला घातलं म्हणून घराघरात बाया मार खातील. आमी एकमेकीला आण घातलीया. काल चुलत सासू बोलणार व्हती, तर तिला बी गप केली."

"मग गावाला काय सांगू? साहेबाला?"

"ते तुमी बघा. तुमचं नाक हाय."

टोमणा होता का खरंच सांगणं होतं, मला आजही कळलेलं नाही. तिनं माझ्या हातावरची माती पदरानं पुसली आणि पाल्याचा भारा उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठलो. माझ्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या भरला आणि उंबऱ्यापाशी तिच्या तांब्याशेजारी ठेवला. ती उठून आली. दोन तांबे बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही उचलले. मी भिंतीकडं तोंड केलं. तिची पावलं ओढ्याच्या वाटेला लागेपर्यंत तसाच राहिलो.

दिस उगवताना रस्त्यावर गेलो. साहेब गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. गाडीवाला इंजिनात डोकं घालून होता. लोकही जमायला लागले होते, गाडी जाताना बघायला. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "साहेब, कागद द्या."

"कशाला काका?"

"लेखी पायजे न्हवं तुमाला?"

त्यांनी वहीतला कागद फाडून दिला, पेन दिलं. मी जीपच्या पत्र्यावर कागद ठेवला. बराच वेळ लागला. अक्षरं मोठी आली, ओळी उताराला लागल्या. लिहिलं असं: शाळेमागची जागा साहेबांनी दावली होती. ओढ्याची जागा मी हट्टानं मारायला लावली. साहेबांचा दोष नाही, गावाचा नाही, झाडाचाही नाही. माझं नाक चुकलं. खाली सही केली. अंगठा नाही, सही.

साहेबांनी वाचलं. "काका, 'नाक चुकलं' असं सरकारी कागदात चालत नाही."

"ते तसंच ऱ्हाऊ द्या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते पहिलं हसणं. मी ऐकून घेतलं. वळलो असतो तर तोंडातून खरं निघून गेलं असतं.

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. उरलेल्या गालाचा फेस टॉवेलानं तसाच पुसला आणि गाडीवाल्याला म्हणाले, "फिरव." गाडीपाशी पहार पडली होती, ती मी खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या पुढं शाळेमागच्या माळाकडं चालायला लागलो.